डोंगराच्या खोलीतली बारावी रेघ

आडबंदरच्या आरोग्यकेंद्रात भिंतीवर एक मोठा तक्ता उजळलेला असे. त्यावर बारा रंगांच्या बारा रेघा होत्या, एकेका रुग्णाच्या रक्तदाबाची एकेक. सहा आठवड्यांपूर्वी त्या सगळ्या वरच्या कोपऱ्यात एकमेकींना खेटून होत्या, बाजाराच्या दिवशी एसटीत माणसं उभी असतात तशा. मग हळूहळू अकरा रेघा खाली उतरू लागल्या. कुणी भरभर, कुणी रमतगमत, पण उतरल्या. बारावी रेघ मात्र वर चढत होती.

यंत्र एकच, हवा एकच, डॉक्टरही एकच. मग अकरा जणांना उतार आणि एकालाच चढ, असं का?

डॉ. ब्रिजिट लोबो त्या तक्त्यासमोर उभ्या राहून स्वतःशी पुटपुटत. चष्मा डोक्यावर सरकवलेला असे आणि त्या टेबलावर चष्मा शोधत असत. "कुठे चुकतंय माझं?" त्या म्हणत.

बारावी रेघ सुरंगीच्या आजोबांची होती. आणि उत्तर सुरंगीला ठाऊक होतं. अकरा वर्षांच्या त्या मुलीच्या घशात ते माशाच्या काट्यासारखं अडकलं होतं. गिळवत नव्हतं, काढवतही नव्हतं.

आडबंदर आता पूर्वीसारखं राहिलं नव्हतं. समुद्र वर्षावर्षाने चढत आला होता. खालची वाडी रिकामी झाली होती. आरोग्यकेंद्राचा तळमजलासुद्धा पाण्याला सोडून दिला होता. भरतीच्या वेळी पाणी जिन्याच्या चार पायऱ्या चढून येई आणि ओहोटीला शेवाळ ठेवून परत जाई. सुरंगीचे आई-बाबा समुद्रातल्या पवनचक्क्या दुरुस्त करायच्या कामावर होते. पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचे. मधले दिवस घरात दोघंच, ती आणि तिचे आजोबा, अंकुश तांडेल.

आजोबांना उच्च रक्तदाब होता. रक्तदाब म्हणजे काय, हे डॉक्टरांनी सुरंगीला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हृदय रक्त ढकलतं आणि ते रोहिण्यांमधून (हृदयाकडून शरीरभर रक्त नेणाऱ्या नळ्यांमधून) धावतं. धावता धावता ते नळ्यांच्या भिंतींना आतून रेटा देतं. हा रेटा म्हणजे रक्तदाब. रोहिण्या मऊ, सैल असल्या तर रेटा कमी. त्या आखडून ताठ झाल्या, की रेटा वाढतो. "आणि वाईट काय माहितेय?" डॉक्टर म्हणाल्या होत्या. "दुखत नाही. काहीच दुखत नाही. आतल्या आत डोळे, मेंदू, मूत्रपिंडं झिजत राहतात आणि माणूस म्हणतो, मला काय धाड भरलीय!"

गोळ्या घेऊनही ज्यांचा दाब पुरेसा उतरत नव्हता, अशा बारा जणांसाठी केंद्रात एक नवं यंत्र आलं होतं. कपाटाएवढं, त्याला एक नळी आणि नळीच्या टोकाला मुखवटा. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'डोंगर'. कारण उंच डोंगरावर हवा विरळ असते, तिथे एका श्वासात प्राणवायू कमी येतो, आणि हे यंत्र समुद्राकाठी बसल्या बसल्या तशीच हवा द्यायचं. साध्या हवेच्या शंभर भागांत एकवीस भाग प्राणवायू असतो. यंत्र त्यातला काही गाळून बाजूला ठेवी. चौदाच्या आसपास उरे. पाच मिनिटं ती हवा, मग पाच मिनिटं साधी हवा, असं चार वेळा. आठवड्यातून तीन दिवस. आणि गोळ्या चालूच.

"बाय, ही डाक्टरीण काय सांगता गे?" पहिल्या दिवशी आजोबांनी विचारलं होतं. त्यांना एका कानाने कमी ऐकू यायचं.

सुरंगी पटकन म्हणाली होती, "हवेतला प्राणवायू थोडा वेळ कमी करणार, आजोबा. म्हणजे तुम्ही खाडीत बुडी मारायचात ना, तसंच!"

तसंच. या एका शब्दाने सगळा घोळ केला.

आजोबा तरुणपणी खाडीच्या तळातून वाळू काढायचे. होडी उभ्या बांबूला बांधायची. एकाने बादली घेऊन बांबूच्या आधाराने तळाशी जायचं, दुसऱ्याने त्याच्या मनगटाला बांधलेली दोरी धरून होडीत बसायचं. गढूळ पाण्यात खालचा माणूस दिसत नाही, हाक मारू शकत नाही. मग वरच्याला कळणार कसं, की आता याला ओढायला हवं? आडबंदरच्या लोकांची यावर एक रीत होती. खालच्याने बुडी मारली, की वरच्यानेही आपला श्वास रोखायचा. आपला दम फुटला, की समजायचं त्याचाही फुटला, आणि दोरी ओढायची. विचारत बसायचं नाही. अशा जोडीदाराला म्हणत दमाचा भागीदार.

आजोबांचा भागीदार त्यांचा जुळा भाऊ होता, लवू. अंकुश खाली तर लवू वर, लवू खाली तर अंकुश वर. दोघांचा दम एका मापाचा. एके दिवशी लवू खाडीतच राहिला. कसा, ते आजोबांनी कधी कुणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून ते होडीत चढले नाहीत. पुढे वाळू काढण्यावर बंदीच आली.

पण दमाचा अभिमान गेला नव्हता. डोंगराच्या खोलीत मुखवटा चढवला आणि यंत्र गोड आवाजात म्हणालं, "श्वास चालू ठेवा, आजोबा," तेव्हा ते भडकलेच.

"सात वाव खोल पाण्यात जाणारो माणूस मी! आणि ह्यां कपाट माका श्वास घेऊक शिकयता!"

"श्वास चालू ठेवा, आजोबा," यंत्र पुन्हा म्हणालं.

"गप रव गे बाये!"

आणि घरी आल्यावर त्यांनी घरामागच्या परड्यातलं निळं पिंप भरलं. "डोंगर म्हणजे पोरांचो खेळ. जरा मेलो प्राणवायू कमी करता, तोय पाच मिनटा. खरो दम हय," त्यांनी पाण्यावर थाप मारली. रोज दुपारी ते खांद्यांपर्यंत वाकून डोकं पाण्यात घालत आणि श्वास रोखत. सुरंगी कपडे धुवायच्या दगडावर बसून आपलाही श्वास रोखी. ती आता त्यांची दमाची भागीदार होती. याचा तिला आधी फार अभिमान वाटला. तिचा दम फुटला, की तिने पिंपावर थाप मारायची आणि त्यांनी वर यायचं, असं ठरलं होतं. पण आजोबा थाप ऐकूनही हात हलवत. अजून. अजून थोडं.

गोळ्या सुपारीच्या डब्यात पडून राहिल्या. "दम परत इलो, मगे गोळी कित्याक?"

आणि काल, रविवारी, ते पिंपातून वर आले तेव्हा त्यांना चहा मागायचा होता, पण तोंडातून भलताच वाकडातिकडा आवाज आला. सुरंगीने पुढे केलेला कप त्यांच्या डाव्या हातातून सुटला. ओठाचा डावा कोपरा ओल्या कपड्यासारखा खाली लोंबत होता. सुरंगी नुसती बघत राहिली. दहा-पंधरा मिनिटांनी शब्द जागेवर आले, ओठ सरळ झाला.

"काय्येक झाला नाय," आजोबा म्हणाले. "तुका माझी शपथ. डाक्टरणीक सांगलंस तर ती आईबापसाक कळवतली. ते काम सोडून धावत येतले. कोणाक सांगा नको."

त्या रात्री जेवताना त्यांनी भाताचे घास फक्त उजव्या गालाने चावले. तिने ते पाहिलं आणि ताटाकडे मान घातली.

आज सोमवार. आभाळ खाली आलं होतं, समुद्र आणि ते, दोघंही एकाच राखेच्या रंगाचे. पायऱ्यांवरचं पाणी चुबुक चुबुक वाजत होतं. आजोबा खुर्चीत बसले, दंडाला पट्टा आवळला गेला, आणि यंत्र म्हणालं, "दाब एकशे शहाण्णव. आज डोंगर चढायचा नाही, आजोबा."

डॉ. लोबो खुर्ची ओढून समोर बसल्या. "अंकुशकाका, गोळ्या घेताय ना?"

"घेतंय."

"रोज?"

"रोज म्हणजे रोज."

डॉक्टरांनी तक्त्याकडे पाहिलं, मग कपाळ चोळलं. "म्हणजे गोळ्या असूनही दाब वाढतोय. मग आजपासून गोळी दुप्पट करते. आणि डोंगर तुम्हाला मानवत नाही, असं लिहून टाकते."

दुप्पट! डॉक्टर हुशार होत्या, पण त्यांना जे सांगितलं होतं त्याच्यावरच त्या पुढचं पाऊल टाकणार ना? आणि त्यांना सांगितलेलं सगळं खोटं होतं. गढूळ पाणी होतं ते. वरून काहीच दिसत नव्हतं. खाली काय चाललंय, हे फक्त तिलाच माहीत होतं.

आपण श्वास रोखून उभ्या आहोत, हे तिच्या लक्षात आलं. केव्हापासून, कोण जाणे. छातीत धडधडत होतं, कान गरम झाले होते. आणि मग तिचा दम फुटला.

"ते गोळ्या घेत नाहीत! सुपारीच्या डब्यात आहेत. रोज पिंपात डोकं घालतात. काल त्यांचं तोंड वाकडं झालं होतं. कप पडला हातातून."

आजोबांनी तिच्याकडे जे पाहिलं, त्यापेक्षा त्यांनी एक ठेवून दिली असती तर बरं, असं तिला वाटलं.

डॉक्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी आजोबांना खाटेवर निजवलं, दोन्ही हात वर करायला लावले, हसायला लावलं. आजोबा हसले नाहीत. "हसा, काका. तपासायचंय मला, गंमत नाही." मग त्यांनी जिल्ह्याच्या रुग्णालयाला कळवलं. उडती रुग्णवाहिका ढगांमुळे कमी उंचीवरून, सावकाश येणार होती. चाळीस मिनिटं.

"सुरंगी, एक गोष्ट आयुष्यभर लक्षात ठेव," त्या म्हणाल्या. "तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हातापायातली ताकद गेली, की मेंदूकडे जाणारं रक्त अडलंय असं समजायचं. नंतर बरं वाटलं, तरीही. कुणाचीही शपथ असली, तरीही. त्याच मिनिटाला हाक मारायची."

सुरंगीने मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी टपकत होतं. "माझ्यामुळेच झालं हे. मीच म्हटलं होतं, डोंगर म्हणजे बुडी मारण्यासारखंच. पण डॉक्टर, दोन्हीकडे प्राणवायू कमीच ना? मग एकाने दाब उतरतो आणि एकाने चढतो, असं कसं?"

सहा आठवडे डॉक्टर ज्या कोड्यापुढे अडल्या होत्या, त्याची उकल याच प्रश्नात होती. त्यांनी खाटेवरच्या माणसाची नाडी पाहिली, पडद्यावरचे आकडे पाहिले, आणि खाटेशेजारीच बसत स्वतःच्या दंडाला दुसरा पट्टा बांधला. बोटाला रक्तातला प्राणवायू मोजणारा चिमटा लावला. "वाच आकडे. मोठ्याने."

"दाब एकशे अठरा. बोटावर अठ्ठ्याण्णव."

डॉक्टरांनी श्वास रोखला. पंधरा सेकंद. तीस. त्यांचा चेहरा लालसर झाला, भुवया वर गेल्या. पट्टा फुगला.

"दाब एकशे अडतीस!" सुरंगी म्हणाली. "बोटावर..." ती थांबली. "बोटावर सत्त्याण्णव. प्राणवायू तर कमी झालाच नाही फारसा!"

डॉक्टरांनी भस्सकन श्वास सोडला. "मग माझा जीव का घुसमटला?"

सुरंगीने विचार केला. श्वास रोखला म्हणजे नवी हवा आत येत नाही. आणि... "आतली बाहेर जात नाही!"

"शाबास. शरीर वापरलेली हवा बाहेर टाकतं, तिच्यात कार्बन डायऑक्साइड असतो. दार बंद केलं, की तो आत साचतो आणि मेंदू बोंब ठोकतो. आणीबाणी! मग हातापायांच्या रोहिण्या करकचून आवळल्या जातात, म्हणजे उरलेला प्राणवायू हृदयाला आणि मेंदूला पुरावा. तोंड गार पाण्यात असेल, तर आणखीच आवळतात. रोहिण्या आवळल्या म्हणजे?"

"दाब वाढला."

"आता हे बघ." त्यांनी डोंगराचा मुखवटा स्वतःला लावला. पाच मिनिटं सुरंगी आकडे वाचत राहिली. बोटावरचा आकडा सावकाश उतरत गेला. त्र्याण्णव, नव्वद, अठ्ठ्याऐंशी. पण डॉक्टर शांत होत्या. श्वास जरा खोल, जरा जलद, पण चालू.

"इथे वापरलेली हवा बाहेर जातेय, म्हणून बोंब नाही," मुखवटा काढून त्या म्हणाल्या. "नुसती थोडी चणचण आहे. हृदय जरा जोरात चालतं, तेवढंच. आणि लगेच साधी हवा मिळते. चणचण, भरपाई, चणचण, भरपाई. असं आठवडेच्या आठवडे केलं, की रोहिण्यांचं आतलं अस्तर शिकतं. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू जरा जास्त बनवू लागतं, आणि तो वायू रोहिणीच्या भिंतीतल्या स्नायूंना सांगतो, सैल पडा रे, रक्ताला वाट द्या."

"मग जास्त चणचण दिली तर जास्त शिकेल ना?"

"तू कातळावर अनवाणी चालतेस?"

"चालते की."

"रोज थोडं चाललं, तर तळवे घट्ट होतात. भर उन्हात दुपारभर उभी राहिलीस तर?"

"फोड येतील."

"तेच. म्हणून डोंगर मोजून मापून चढायचा, कुणीतरी आकड्यांवर नजर ठेवून. आणि सुरंगी, हा डोंगर गोळीच्या जोडीला आहे, गोळीच्या जागी नाही. कुणाला किती मानवतो, किती दिवस टिकतो, हे आम्हीही अजून शिकतोच आहोत. म्हणून तर ती बारावी रेघ मला इतकी छळत होती. मी यंत्राला चोर ठरवणार होते."

खाटेवर आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांचा चांगला कान वरच्या बाजूला होता.

"तुझ्यावर इसवास ठेवलो मी," ते भिंतीलाच म्हणाले. "भागीदार म्हटलंय तुका."

सुरंगी खाटेजवळ गेली. "म्हणूनच सांगितलं, आजोबा. माझा दम फुटला. दम फुटला की विचारत बसायचं नाही, दोरी ओढायची. तुमचीच रीत आहे."

खाली पाणी पायऱ्यांवर वाजत राहिलं. आजोबा वळले.

"लवू," ते म्हणाले आणि थांबले. "आदल्या दिसा मी दोरी लवकर ओढलंय म्हणान तो हसलो माका. म्हणालो, अंकशा, तुझो दम बायलेचो. दुसऱ्या दिसा तो खाली गेलो. माझो दम फुटलो. आणि मी..." त्यांचा डावा हात चादरीवर उगाच काहीतरी चाचपत होता. "मी मनात म्हटलंय, परत हसतलो. थांबलंय. इतक्याच थांबलंय, बाय. इतक्याच."

त्यांनी बोटांनी माप दाखवलं. चिमटीएवढं.

सुरंगीने ती चिमटी आपल्या दोन्ही हातांत धरली. ढगांखालून रुग्णवाहिकेच्या पंख्यांचा आवाज जवळ येत होता.

आजोबा वाचले. पण सगळंच परत मिळत नाही. मेंदूच्या चित्रात वाटाण्याएवढा एक डाग दिसला, आणि डाव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून अडाणीच राहिली. शर्टाची बटणं आता सुरंगी लावते. आई-बाबा काम सोडून धावत आले. आईने सुपारीचा डबा मांडीवर घेऊन गोळ्या एकेक करून मोजल्या. पिंप उपडं पडलं आणि त्याच्या बुडावर शेवाळ धरलं.

चार महिने नुसत्या गोळ्या, अळणी भात आणि कंटाळा. मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सगळं तपासून होकार दिला, तेव्हा कुठे डॉ. लोबोंनी डोंगराची खोली पुन्हा उघडली. अगदी सौम्य हवेपासून सुरुवात.

आत जाण्याआधी आजोबांनी पिशवीतून काहीतरी काढलं. काथ्याची जुनी दोरी होती, मिठाने पांढुरकी झालेली. एक टोक त्यांनी उजव्या हाताने आणि दातांनी आपल्या मनगटाला बांधलं. दुसरं दाराच्या फटीतून बाहेर सोडलं.

"धर," ते म्हणाले. "श्वास रोखा नको हां. तो खेळ संपलो. आकडे बघ. काय वावगा दिसला, तर वढ. माका इचारू नको."

सुरंगी काचेबाहेर बसली, दोरी मुठीत धरून. आत यंत्र गोड आवाजात म्हणालं, "श्वास चालू ठेवा, आजोबा."

"ठेवतंय गे बाये," आजोबा म्हणाले.

बाहेर अजून मळभच होतं. तक्त्यावर बारावी रेघ गोळ्यांनी बरीच खाली आली होती, बाकीच्या अकरांहून अजून वरच, पण पहिल्यांदाच त्यांच्याच दिशेने वळलेली. आपण मोठेपणी हेच शोधून काढायचं, सुरंगीच्या मनात आलं: कुणाला किती डोंगर, किती दिवस. आजोबांची छाती वर गेली, तिचीही गेली. त्यांची खाली आली, तिचीही आली. बोटावरचा आकडा एक्क्याण्णववर जाऊन थांबला आणि तिथेच शांत राहिला.

तिच्या मुठीतली दोरी सैल होती.